सायकलीचं एक सांगायचं राहिलं

“सायकलीच्या बाबतीत मला कोणी फसवून दाखवावं, मी नाव बदलीन!” मिलिंद कारखानीसने नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं आणि जोशात पोह्यांवर लिंबू पिळलं. रस उडाला तो थेट त्याच्याच डोळ्यात.

खरं म्हणजे त्याला फसवायला कॅनडातल्या त्या कोक्विटलाम गावात कोणीही टपून बसलेलं नव्हतं. पण मिलिंदचा स्वभावच असा, की दुकानात पाऊल टाकायच्या आधीच तो दुकानदाराशी मनातल्या मनात भांडून घ्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस. जगातल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी खोट आहे आणि ती शोधायला देवाने आपल्यालाच पाठवलंय, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं.

आणि या खेपेला तर प्रश्न साधा नव्हता. प्रश्न ऊर्मीचा होता.

ऊर्मी पंधरा वर्षांची. गेली दोन वर्षं ती बापाशी बोलायची ती दोनच विषयांवर : वायफाय का चालत नाही, आणि मला घ्यायला किती वाजता येतोस. अशी ही मुलगी शाळेच्या माउंटन बाइक क्लबात गेली, शाळेनेच तिला सायकल वापरायला दिली, आणि एका संध्याकाळी फ्रिजमध्ये डोकं घालून ती म्हणाली, “डॅड, नेक्स्ट मंथ फॅमिली राइड आहे. यू वॉना कम?”

मिलिंदला गलबलून आलं. तिचं वाक्य संपायच्या आत तो “हो!” म्हणून मोकळा झाला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण तो पुढे म्हणाला, “अगं, मी पुण्यात सायकलवरच वाढलोय! पर्वतीच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवलीय मी!”

उतरवली होती, हे खरं होतं. खांद्यावर घेऊन.

“रिअली?” ऊर्मीने फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं. त्या डोळ्यांत बापाबद्दल चक्क कौतुक होतं! ते कौतुक शाबूत ठेवण्यासाठी मिलिंद आता वाटेल ते करायला तयार होता. फक्त वाटेल तेवढा खर्च करायला नव्हता, कारण खर्चाचं खातं त्याच्या बायकोकडे, सुमेधाकडे होतं.

“मॉर्गेज नुकतंच रिन्यू झालंय. हप्ता कुठल्या कुठे गेलाय,” सुमेधा म्हणाली. “सहाशे डॉलर. त्याच्यावर एक डॉलर जरी गेला, तर रात्री त्या सायकलवरच झोपायचं.”

झालं! मिलिंद अभ्यासाला लागला. जेवताना व्हिडिओ, भांडी घासताना व्हिडिओ, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून व्हिडिओ. वरण वाढायला गेलं की हा विचारणार, “हार्डटेल की फुल सस्पेन्शन?” सुमेधा म्हणायची, “आधी तूप वाढू का ते सांग.” काही दिवसांत त्याला सायकलीचा सांगाडा किती अंशांत कललेला असावा हेही तोंडपाठ झालं. सायकलीवर बसायचं मात्र राहून गेलं होतं.

मग तो दुकानात गेला. तिथल्या विक्रेत्या बाई हसतमुख होत्या. मिलिंदने तोंडपाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी आदराने मान डोलावली आणि बजेट विचारलं.

“सिक्स हंड्रेड,” मिलिंद छाती काढून म्हणाला.

“ओ नाइस! फॉर द फोर्क?”

म्हणजे सहाशे डॉलर नुसत्या पुढच्या शॉकअपचे का, असं त्या भल्या मनाने विचारत होत्या! “नो, फॉर द होल सायकल,” असं मिलिंदने खालच्या आवाजात सांगितल्यावर बाईंनी त्याला अलगद दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे पाण्याच्या बाटल्या होत्या.

मोठ्या मॉलमधली स्वस्त सायकल ऊर्मीने एका वाक्यात निकालात काढली. “डॅड, दॅट्स अ टॉय.” नेटवरच्या जाहिरातीतला एक गृहस्थ ‘जवळजवळ नवी’ म्हणून जी विकत होता, तिच्या सांगाड्याला पडलेली चीर त्याने स्टिकरखाली लपवली होती. मिलिंदने नखाने स्टिकर खरवडून ती चीर शोधून काढली, आणि तेव्हापासून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढायला नको होतं.

राइड चार दिवसांवर आली आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देवयानीताईंनी फोटो टाकला : ‘वेदांतची माउंटन बाइक द्यायची आहे. सहाशे. आपल्यापैकीच कोणी घेतली तर बरं वाटेल.’

देवयानीताई मंडळाच्या खजिनदार. गणपतीला शंभर माणसांची उसळ एकहाती करणाऱ्या. त्यांचा मुलगा वेदांत दूर वॉटर्लू युनिव्हर्सिटीत शिकायला गेला होता, आणि त्याची सायकल गॅरेजमध्ये भिंतीला टांगून होती. मिलिंद पोचला तेव्हा ताई ती खाली काढून फडक्याने पुसत होत्या. सायकल म्हणजे काय, नुसती बघत राहावी अशी! आणि ती विकताना बाईंचे डोळे भरून आलेले आहेत, हे कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. मिलिंदच्या लक्षात आली ती मागच्या टायरची झीज.

“ताई, टायर गेलाय.”

“गेला नाही हो, थोडा झिजलाय. पण एक सांगते, हिचे ब्रेक—”

“ब्रेक हायड्रॉलिक आहेत, मी बघितलं. सहाशे जास्त होतात ताई. आपल्या माणसाला काय भाव सांगताय!”

“वेदांत म्हणत होता हजारला सहज जाईल. बरं, ते असू दे. ब्रेकचं तेवढं सांगायचं होतं, ती डिस्क असते ना—”

“ताई!” मिलिंदने हात वर केला. “मला सायकलीतलं नका हो सांगू! महिनाभर दुसरं काही केलेलं नाही मी. चारशे.”

शेवटी साडेचारशेवर सौदा पटला. वर त्याने हवा भरायचा पंपही फुकट मागून घेतला. ताईंनी दिला. आणि तो गाडीत सायकल चढवत असताना त्या आत जाऊन वेदांतचं हेल्मेटही घेऊन आल्या. “हे असू दे. ह्याचे पैसे नकोत. डोकं महत्त्वाचं. आणि मिलिंदराव, ते एक सांगायचं राहिलंच—”

“फोन करतो ताई!” म्हणून मिलिंदने काच वर केली. रात्री त्यांचा मेसेजही आला, चांगला लांबलचक. ‘आता भाव कमी दिला म्हणून रडगाणं असणार,’ असं म्हणून त्याने तो उघडलाच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सुमेधा निरांजन घेऊन गॅरेजमध्ये उतरली.

“अगं, सेकंडहँड आहे,” मिलिंद म्हणाला.

“आपल्या घरी तर नवीनच आली ना? वाहन आहे. पूजेशिवाय बाहेर काढायची नाही.”

मिलिंदलाही ते पटलं. शिवाय वाचलेल्या दीडशे डॉलरांचा आनंद कुठेतरी साजरा व्हायला हवाच होता. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला. हँडलला झेंडूचा हार घालायचा, तर मे महिन्यात झेंडू कुठला मिळायला? म्हणून गणपतीच्या डब्यातला प्लास्टिकचा घातला. ऊर्मी जिन्यात उभी राहून हे सगळं बघत होती.

“डॅड, फ्रेमवर स्वस्तिक नको हां. प्लीज! इट्स अ स्कूल थिंग. पीपल विल टोटली मिसअंडरस्टँड.”

बरोबर होतं तिचं. इथे त्या खुणेचा अर्थ लोक भलताच लावतात. मिलिंदने विचार केला. कुंकू तर लागलं पाहिजे, पण चारचौघांना दिसता कामा नये. कुठे लावावं? आणि त्याची नजर गेली चाकाच्या मध्यावर. तिथे स्टीलची गोल, नक्षीदार, चकाकणारी चकती होती. विष्णूच्या बोटावर शोभावी अशी!

“इथे लावू. बरोबर पाच बोटं,” मिलिंद म्हणाला. सुमेधाने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं होतं, त्यामुळे त्याचा आवाज आपोआप चढला. “आणि पाण्यात नको कालवूस, इथल्या पावसात टिकणार नाही. तेलात कालव! निरांजनातलं घे!”

सुमेधाने कालवलं. मिलिंदने पुढच्या चकतीला पाच बोटं लावली, मग उलट्या बाजूने पाच. “मागच्या चाकानं काय पाप केलंय?” असं म्हणून मागच्यालाही दोन्हीकडून. उरलेलं तेल हाताला होतं, ते त्याने चाक फिरवून नीट चोळून टाकलं. सगळं यथासांग झालं. मग तिघांनी पेढे खाल्ले.

आता ज्यांना सायकलीतलं कळतं त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगायचं तर, ती चकती म्हणजेच ब्रेक. तिला दोन बाजूंनी चिमट्यासारखं धरलं की चाक थांबतं. तिला तेल लावलं की थांबत नाही.

शनिवारी सकाळी बर्क माउंटनच्या पायथ्याशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. क्लबच्या कोच मिसेस थॉर्नटन, मुलं, आणि त्यांचे काटक आईबाप. ते आईबाप बहुधा झोपेतही डोंगर चढत असावेत. मिलिंदने गाडीतून सायकल उतरवली तेव्हा दोन मुलांनी वळून बघितलं. “सिक बाइक!” एक जण म्हणाला. ही स्तुती असते हे ऊर्मीने हळूच समजावलं, आणि वर म्हणाली, “माय डॅड यूज्ड टू राइड डाउन टेंपल स्टेअर्स. इन इंडिया.”

मिलिंदला त्याच क्षणी सगळं कबूल करता आलं असतं. त्याने केलं नाही. उलट हेल्मेटचा पट्टा आवळत नम्रपणे हसला!

सुरुवातीला सगळा चढ होता. चढावर ब्रेक कोणाला लागतो? मिलिंद धापा टाकत, मध्येच बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने थांबत, एकदाचा वर पोचला. ऊर्मी त्याच्यासाठी थांबत थांबत चढली होती. वर पोचल्यावर तिने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. दोघं झाडाला टेकून उभे राहिले. काहीच बोलले नाहीत, आणि तरी मिलिंदला वाटलं, गेल्या दोन वर्षांत इतक्या गप्पा झाल्या नव्हत्या.

मग उतार सुरू झाला.

पहिल्या वळणावर मिलिंदने ब्रेक दाबला. सायकलने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले, पण वेग तसूभर कमी झाला नाही. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. किंकाळी दुप्पट झाली. वेगही!

“ऑन युअर लेफ्ट!” असं काहीसं ओरडायचं असतं हे त्याने व्हिडिओत बघितलं होतं. त्याच्या तोंडून निघालं, “बाजूला व्हा! बाजूला व्हाऽऽ!” मराठी ऊर्मीखेरीज कोणालाच कळलं नाही, पण आवाजातली कळकळ सगळ्यांना कळली. काटक आईबाप दोन्ही बाजूंच्या नेच्यांत उड्या मारून गेले. मिसेस थॉर्नटन एका देवदाराला मिठी मारून उभ्या राहिल्या. ऊर्मीच्या शेजारून जाताना त्याला तिचा आवाज आला, “ब्रेक्स, डॅड! यूज युअर ब्रेक्स!” त्याने “अगं तेच!” एवढं म्हटलं आणि तो दिसेनासा झाला.

वाट डावीकडे वळली. मिलिंद सरळ गेला. खाली पाणथळ जागा होती, आणि तीत पिवळ्या फुलांची, हातभर पानांची स्कंक कॅबेज फोफावली होती. या वनस्पतीला असा वास असतो की अस्वलंसुद्धा हिवाळाभराची भूक असल्याशिवाय तोंड लावत नसावीत. मिलिंद एका ओंडक्यावर डोकं आपटून तिच्यात उताणा पडला. हेल्मेटला टिचभर चीर गेली. डोक्याला काही झालं नाही.

वर वाटेच्या कडेशी सगळी शाळा जमली. “डॅड! आर यू ओके?” ऊर्मी चिखलातून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिलिंदने तिचा हात धरून उठायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायला हवं होतं. पण वर उभ्या मुलांपैकी एक जण म्हणाला, “टेंपल स्टेअर्स, हं?” आणि कोणीतरी फिसकन हसलं. मिलिंदच्या मस्तकात तिडीक गेली.

“आय वॉज चीटेड!” तो चिखलात उभा राहून गरजला. “दे सोल्ड मी बॅड ब्रेक्स! माय ओन पीपल!”

“डॅड, प्लीज स्टॉप टॉकिंग,” ऊर्मी पुटपुटली. घरी येईपर्यंत तिने गाडीच्या खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकी उघडी होती. पूर्ण.

“आधी आंघोळ कर,” दारातच सुमेधा नाकाला पदर लावायच्या बेतात म्हणाली. पदर नव्हता, म्हणून तिने टी-शर्टची बाही लावली.

“आंघोळ नंतर!” मिलिंद तसाच किचनच्या स्टुलावर बसला आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहू लागला.

‘सावधान! मंडळातील एका जबाबदार, पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या व्यक्तीने मला ब्रेक निकामी असलेली सायकल विकली. आज माझा जीव थोडक्यात वाचला. ज्यांच्या हाती आपण वर्गणी देतो, त्यांच्याबद्दल आता काय समजावं? नाव घेत नाही.’

नाव घ्यायची गरजच काय होती! खजिनदार एकच होत्या. मग एकाने लिहिलं, ‘अरे बापरे.’ एकीने लिहिलं, ‘मला आधीपासूनच शंका होती,’ आणि ती कशाची ते सांगितलं नाही. सगळे मेसेज नुसते चाळणाऱ्या सूर्यकांतकाकांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून हात जोडले. मिलिंदला बरं वाटू लागलं.

मग देवयानीताईंचा मेसेज आला. ‘मिलिंदराव, लागलं का हो फार? पैसे घेऊन निघालेच आहे. सायकल परत नेते.’

त्यात ना राग, ना खुलासा! ‘खुलासा नाही, म्हणजे कबुलीच!’ असं म्हणून मिलिंदने तो सुमेधाला वाचून दाखवला.

ताई आल्या. हातात पाकीट, दुसऱ्या हातात हळद आणि बाम. वास त्यांना आला असणारच, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांनी आधी मिलिंदला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग फुटलेलं हेल्मेट हातात घेऊन त्या चिरेवरून अंगठा फिरवला. “वाचलात,” त्या म्हणाल्या. मिलिंद, सुमेधा आणि ऊर्मी त्यांच्या मागोमाग गॅरेजमध्ये गेले.

ताई सायकलीपाशी वाकल्या. आणि तशाच राहिल्या.

“पूजा केलीत वाटतं?”

“हो तर!” सुमेधा म्हणाली.

“तेलात कालवून?”

ताईंनी चकतीवरून बोट फिरवलं. ते तांबडं, तेलकट बोट त्यांनी वर धरलं नाही की कोणाला दाखवलं नाही. फडक्याला पुसलं.

“आम्हीपण केली होती,” त्या सायकलीकडे बघतच म्हणाल्या. “नवी आणली तेव्हा. तूप लावलं होतं मी, चांगलं साजूक. वेदांत काटेरी बेरीच्या जाळीत गेला. दोन दिवस मी चिमट्याने त्याचे काटे काढत होते. तेच सांगत होते हो तुम्हाला! पूजा केलीत तर डिस्कला काही लावू नका. तीनदा सांगायला गेले. मग रात्री लिहूनही पाठवलं.”

मिलिंदला एकदम आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. ते त्याने पाठीमागे घेतले, तर तिथे चिखल होता. जन्मात इतकी लाज त्याला वाटली नव्हती. गॅरेजच्या फरशीत नारळाच्या पाण्याचा डाग होता, त्यात शिरता आलं असतं तर तो शिरला असता.

“मी... मी आत्ताच ग्रुपवर लिहितो, की माझीच—”

“अरे देवा,” सुमेधा म्हणाली. ती मोबाइलकडे बघत होती. “मिलिंद, मी मघाशी... तुझ्या बाजूनं म्हणून...”

‘आम्ही तर किती श्रद्धेने घेतली होती ती सायकल! बघा सगळ्यांनी!’ असं लिहून तिने पूजेचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. तो आता अख्खं कोक्विटलाम बघत होतं. कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी हॉलमध्ये, मिलिंदचा खणखणीत आवाज घुमत होता : “तेलात कालव! मागच्या चाकानं काय पाप केलंय?” खाली एकापाठोपाठ एक हसून लोळणारे पिवळे चेहरे उमटत होते. सूर्यकांतकाकांनी या खेपेला व्हिडिओ नीट बघितला होता. त्यांनी लिहिलं, ‘श्रद्धांजली मागे घेतो.’

मिलिंदने फोन उचलला. माफी लिहिणार, तेवढ्यात जिन्याच्या पायरीवर बसलेली ऊर्मी म्हणाली, “नॉट ऑन व्हॉट्सअ‍ॅप, डॅड. शी इज राइट हिअर.”

मिलिंदने फोन खाली ठेवला. “ताई,” तो म्हणाला. माणसांवर शंका घेण्याचा त्याला सराव होता, माफी मागण्याचा नव्हता. “ताई, चुकलो. तुमचं ऐकून घेतलं नाही. वर चारचौघांत तुमच्या वर्गणीबद्दल... ते फार वाईट लिहिलं मी. आणि तुम्ही स्वतःहून दिलेल्या हेल्मेटमुळे आज माझं डोकं जागेवर आहे, ते नाही लिहिलं. ग्रुपवर तर लिहीनच. पण आधी तुम्हाला. आणि ऊर्मी, ती पर्वतीवरून उतरवलेली सायकल... ती माझ्या खांद्यावर होती.”

“आय फिगर्ड,” ऊर्मी म्हणाली.

ताईंनी पाकीट पुढे केलं. मिलिंदने ते त्यांच्या हातात परत ढकललं. दोघांचं थोडा वेळ असं मागे-पुढे चाललं, आणि शेवटी ताईंनी पाकीट पर्समध्ये टाकलं.

“ब्रेकचे पॅड नवे टाकले की होईल ती नीट,” त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. “मिलिंदराव, अजून एक सांगायचं होतं.”

“सांगा,” मिलिंद म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून, मान खाली घालून, समोरच्याचं पूर्ण ऐकायला उभा राहिला.

“तुमच्या पाठीला ते पान चिकटलंय. मघापासून. केवढं तरी आहे.”

सुमेधा आधी फुटली. मग ताई. ऊर्मी नाक दाबून उठली, बापामागे गेली आणि ते हातभर पान दोन बोटांच्या चिमटीत धरून सोलून काढलं. मिलिंद हलला नाही.

“नेक्स्ट सॅटर्डे, एट ओ’क्लॉक,” ती पान लांब धरून म्हणाली. “यू कॅन कम.”

मिलिंदने झटकन मान वर केली.

“पण डॅड,” ती दारात थांबली, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलली. “पूजा नको.”

मिलिंदने नुसती मान डोलावली. त्याला सांगायचं होतं, की पुढच्या वेळी कुंकू पाण्यात कालवलं तर चालेल. पण तो गप्प बसला आणि आंघोळीला गेला.